ईएलसीबी आहे म्हणून डिटेक्टरची केबल लगेच काढू नका

गोव्यातल्या कॉलेजांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: किरणोत्सार मोजणाऱ्या डिटेक्टरचा हाय व्होल्टेज पुरवठा मिलिअँपियरभरच करंट देतो, लॅबमध्ये ईएलसीबीही (करंटची गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर) आहे, तेव्हा स्विच बंद करून लगेच केबल काढायला हरकत नाही. हे चूक आहे.

मिलिअँपियरची मर्यादा पुरवठ्याला असते, त्यातल्या चार्ज साठवणाऱ्या फिल्टर कपॅसिटरला नाही. ३००० व्होल्टवर भरलेल्या १ मायक्रोफॅरडमध्ये ४.५ ज्यूल साठतात, आणि ते एका क्षणात हातातून जाऊ शकतात. ईएलसीबी इथे मुळात बघ्याच: ट्रान्सफॉर्मरपलीकडची गळती त्याला दिसतच नाही.

म्हणून आधी नॉब हळूहळू शून्यावर आणा, मग स्विच बंद करा. १० मेगोहमच्या ब्लीडरमधून (चार्ज हळूहळू उतरवणारा रोधक) हा कपॅसिटर २० व्होल्टच्या आसपास यायला ५० सेकंद लागतात. ब्लीडर तुटलेला असेल तर चार्ज तसाच बसून राहतो. त्यामुळे नुसतं थांबणं पुरेसं नाही. हाय व्होल्टेज प्रोबने मोजा (साधा मल्टिमीटर बहुधा १००० व्होल्टपर्यंतच), रोधक असलेल्या डिस्चार्ज स्टिकने (चार्ज उतरवायची दांडी) अर्थ करा, म्हणजे जमिनीच्या तारेला जोडा, आणि काम संपेपर्यंत अर्थ काढू नका, कारण काही कपॅसिटरांत व्होल्टेज पुन्हा वर चढतं.

केबलचा कनेक्टर एसएचव्हीच (हाय व्होल्टेजसाठी बनवलेला) हवा. लॅबमधला नेहमीचा बीएनसी कनेक्टर साधारण ५०० व्होल्टचा. जीएम (गायगर-म्युलर) डिटेक्टर ट्यूबलाही अनेकदा तो अपुरा.

पावसाळ्यात कनेक्टरवर ओल धरते, मीटरचा काटा नाचतो. पुरवठा बंद आणि डिस्चार्ज झाल्यावरच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या.