पुन्हा तेच: फ्रेमवर्क कोणतं?

नवं काम आलं की आमच्या अंधेरीच्या ऑफिसात पहिली मीटिंग ठरलेली: फ्रेमवर्क, म्हणजे ॲप ज्यावर उभं करायचं तो तयार कोडचा सांगाडा, कोणतं घ्यायचं? ॲप कोण वापरणार, कशावर वापरणार, हे कुणी विचारतच नाही. रिॲक्ट, अँग्युलर, व्ह्यू, स्वेल्ट यांवरून नुसती डोकेफोड, आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं.

अरे, मागचं तरी बघा! ब्राउझरमधल्या फ्लॅश प्लगइनवर चालणाऱ्या फ्लेक्स फ्रेमवर्कमध्ये लोकांनी अख्ख्या सिस्टिम्स उभ्या केल्या. २०२० च्या अखेरीस फ्लॅशचाच सपोर्ट बंद झाला. मायक्रोसॉफ्टचं तसंच प्लगइन सिल्व्हरलाइट २०२१ मध्ये गेलं. २०१६ ला अँग्युलर २ आलं ते मुळापासून नव्याने लिहिलेलं. जुन्या अँग्युलरजेएसचा कोड पुन्हा लिहायचा भुर्दंड क्लायंटच्या माथी.

आत्ताचंच घ्या. मस्जिद बंदरच्या गोदामातला कारकून स्वस्तातल्या फोनवर मालाची आवक नोंदवणार. एक फॉर्म, एक यादी, वर सर्च. बस्स! जाड भिंतींच्या आत नेटवर्कची जेमतेम एक काडी. त्याच्या माथी आधी मेगाबाइटभर जावास्क्रिप्ट, म्हणजे फ्रेमवर्कचा फोनवर चालणारा कोड, मारायची, मग पांढरा स्क्रीन, मग गोल गोल फिरणारं चक्र, आणि बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय. सर्व्हरवरून साधं एचटीएमएल, म्हणजे तयार पान, पाठवलं असतं तर नोंद केव्हाच झाली असती! हे बोललं की ‘आउटडेटेड’ म्हणून गप्प करतात. क्षणाक्षणाला हलणाऱ्या शेअरच्या भावांचा डॅशबोर्ड असेल तर घ्या ना भारी फ्रेमवर्क, माझी ना नाही.

उद्याच्या मीटिंगला मी तसाच एक फोन टेबलावर ठेवणार आहे. त्यावर काय धड चालतं ते आधी दाखवा, मग नावं घ्या.