कढी फुटणाऱ्या बाईचं मनोगत

गेली २२ वर्षं मी कढी करतेय आणि गेली २२ वर्षं ती फुटतेय. मधे मुलगी झाली, तिची बारावी झाली, कोथरूडात मेट्रो आली, सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदलून झाले, पण कढी काही जमून आली नाही. 

ज्यांची कधीच फुटली नाही अशा पुण्यवान लोकांसाठी सांगते. पातेल्यात आधी सगळं गोड असतं, पिवळसर, गुळगुळीत, आल्याचा वास, कढीपत्ता वर तरंगतोय, आपण मनात म्हणतो चला आज जमली, आणि तेवढ्यात कडेने एक बारीकसं पाणी सुटतं. एवढंस्सं. आपण बघून न बघितल्यासारखं करतो. मग मधे पांढरे कण दिसायला लागतात, पावसाळ्यात भिंतीचा रंग पोपडे धरतो ना तसे, आणि दोन मिनिटात खाली चोथा, वर हिरवट पाणी, आणि त्या पाण्यावर फोडणी मात्र आपला काही संबंध नसल्यासारखी चमकत असते.

उपाय सगळे केलेत हो. समोरच्या काकू म्हणाल्या बेसन आधी ताकात नीट घुसळून घे, घुसळलं. मीठ शेवटी घाल, घातलं. आच मंद ठेव, एकाच दिशेने ढवळ, उकळी आणू नकोस, ताक फार आंबट नको, फ्रीजमधलं थेट नको. हे सगळं एकदम पाळायचं म्हणजे कढी नाही, लहान मुलाला ताप आल्यावर रात्रभर उशाशी बसल्यासारखं आहे. यामागचं शास्त्रही मी वाचलं, ताकात केसीन नावाचं प्रोटीन असतं, आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की ते एकमेकाला धरून गोळा होतं, बेसनातला स्टार्च मधे पडून त्यांना लांब ठेवतो. म्हणजे बेसनाचं काम सोसायटीच्या सेक्रेटरीसारखं. माझ्या पातेल्यात सेक्रेटरी असतो, पण त्याचं कुणी ऐकत नाही. नवरा इंजिनिअर आहे, त्याने सांगितलं की पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे त्यामुळे इथे पाणी १०० ला नाही, ९८ अंशालाच उकळतं. मी म्हटलं, मग? म्हणाला, मग काही नाही, सहज सांगितलं.

तर झालं काय, आमच्या ऑफिसात एक सेशन ठेवलं होतं. शनिवारी. सुट्टीच्या दिवशी सकाळी साडेनऊला बालेवाडीला जाऊन स्वतःला स्वीकारायचं होतं. मॅडम छान होत्या, कानाला माईक, कॉटनची साडी, आवाज असा की ऐकता ऐकता डुलकी लागावी. त्या म्हणाल्या आपण सगळे आयुष्यभर काहीतरी लपवत असतो, त्या लपवण्यात आपली सगळी एनर्जी जाते. आता तुम्ही एक अशी गोष्ट शोधा जी तुम्ही लपवता, आणि २१ दिवस तिच्याकडे जजमेंट न करता बघा. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून म्हणा, मी जशी आहे तशी मला आवडते.

माझ्या शेजारच्या खुर्चीवरची मुलगी रडायला लागली. तिचं काहीतरी खरंच मोठं असणार. मी खूप विचार केला आणि माझ्या डोळ्यासमोर आलं ते पातेलं.

हसू नका, कारण लपवते मी खरंच. पाहुणे यायच्या आधी फुटलेली कढी मिक्सरमधून फिरवून घेते. दोन मिनिटं ती अशी मखमली दिसते की बस. ती दोन मिनिटं संपायच्या आत सगळ्यांना वाढून, त्यांचं लक्ष पापडाकडे वळवून, ‘अहो घ्या ना अजून’ करत वाट्या रिकाम्या करून घ्यायच्या असतात. भिशीला प्रत्येकीने एक पदार्थ आणायचा तर मी १४ वर्षं कोशिंबीर नेतेय. एकदा कुणीतरी म्हणालं यंदा तू कढी आण ना, तर मी सरळ सांगितलं की आमच्याकडे ताक चालत नाही कुणाला. आमच्याकडे! जिथे नवरा उन्हाळ्यात रोज तांब्याभर ताक पितो तिथे. ताकाला जाऊन भांडं लपवणे हे लोक नुसतं म्हणतात, मी करून दाखवलंय.

दुसऱ्या दिवशी बाथरूममधे आरशासमोर उभी राहिले, म्हटलं, मी जशी आहे तशी मला आवडते. बाहेरून नवऱ्याचा आवाज, “काय गं? गीझर चालू नाहीये का?”

मग ठरवलं, नुसती बोलाचीच कढी नको, खरीच करू. आणि करायचीच आहे तर सासूबाईंच्या पितळी पातेल्यात करू, ते माळ्यावर पडलंय, हल्ली रीलमधे सगळ्या बायका पितळेतच शिजवतात. पातेलं काढलं, चिंचेने घासलं, बाहेरून असं लखलखलं की मला वाटलं आता कढीची काय बिशाद. आत बघायचं सुचलं नाही. आतली कल्हई केव्हाच उडाली होती. तर त्या दिवशी माझी कढी फुटली तर फुटलीच, वर कळकली. मी हा शब्द लहानपणी ऐकला होता, पण जिभेवर कळकणं म्हणजे काय हे ४६ व्या वर्षी कळलं. आंबट ताक आणि उघडं पितळ, होणारच. सासूबाईंनी एक थेंब चाखला, ओट्याला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आजपर्यंत तुझी कढी नुसती वाईट दिसायची गं.” आणि स्वतःच उचलून सगळी ओतून दिली.

रविवारी पातेलं घेऊन कसबा पेठेत तांबट आळीत गेले. तिथे अजून ठोक्यांचे आवाज येतात, दोन माणसं बोलत असली तरी हातवारे करूनच बोलतात. कल्हईवाल्याने पातेलं भट्टीवर चांगलं तापवलं, आत नवसागर टाकला, भस्सकन पांढरा धूर आला, मग कथलाची कांडी टेकवली आणि ती लोण्यासारखी वितळली. कथील साधारण २३२ अंशालाच वितळतं, ही माहिती मला अर्थातच घरी आल्यावर नवऱ्याने दिली. मग कापसाचा बोळा सरसर फिरवला, आणि ते काळवंडलेलं पोट एकदम चांदीसारखं झालं. पाण्यात बुडवलं तेव्हा चर्र आवाज आला तो मला फार आवडला, परत बुडवा म्हणावंसं वाटलं.

“काय केलं होतं यात?” त्याने विचारलं.

“कढी.”

“कल्हई नसताना?” त्याने माझ्याकडे असं बघितलं की सेशनच्या मॅडमनी बघितलं असतं तर त्यांचं लायसन्स गेलं असतं. मग म्हणाला, “उडते हो ताई, कल्हई उडणारच. उडाली की आणायचं.”

मला मॅडमची आठवण झाली. या माणसाने पातेल्याला, तू आहेस तसं स्वतःला स्वीकार, असं काही सांगितलं नाही. सरळ तापवलं आणि कथील फासलं. आणि खरं सांगायचं तर मीही दर तीन आठवड्यांनी पार्लरमधे जाऊन केसांना तेच करून घेते, तेव्हा जशी आहे तशी वगैरे आपण जरा जपूनच म्हणावं.

कल्हई नवी, पातेलं नवं, कढी परत फुटली. कळकली नाही, एवढंच. 

मग वैतागून आईला फोन केला. ती नारायण पेठेत, वय ७४. म्हटलं, आई, तुझी कढी कधी फुटायची का गं?

“आपल्याकडे कढी व्हायची कुठे?”

म्हटलं असं काय, दर शनिवारी खिचडी-कढी असायची की! वाड्यातल्या त्या पडवीत बसून ओरपलीये मी.

ती जरा वेळ गप्प. मग आवाज खाली आणून म्हणाली, “ती शेजारच्या वहिनींची असायची. माझी फुटायची. त्यांना पुरण जमायचं नाही, ते मी करून द्यायचे. मागच्या दारातून भांडी जायची-यायची. तुझ्या बाबांना बोलू नकोस हां.”

“आई, बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली.”

“तरी पण.”

मी फोन ठेवला आणि तशीच ओट्यापाशी उभी राहिले. हसू येत होतं आणि डोळ्यात पाणीही, काय ते ठरेना. शेवटी खिचडीचा कुकर लावला.

त्या रात्री मिक्सर काढला नाही. फुटकी कढी तशीच वाटीत वाढली. मुलीने वरचं पाणी तेवढं प्यायलं, म्हणाली सूपसारखं लागतंय. सासूबाईंनी खालचा चोथा खिचडीवर घेतला, वर साजूक तूप सोडलं आणि काही बोलल्या नाहीत, म्हणजे आमच्याकडे चांगलंच म्हणायचं. नवरा प्रत्येक घोटाआधी वाटी गोल गोल हलवत होता. मी बघतेय म्हटल्यावर म्हणाला, “खोकल्याच्या औषधावर लिहिलेलं असतं ना, वापरण्यापूर्वी हलवा.”

एकविसाव्या दिवशी ऑनलाइन फॉलोअप होता. एकेक जण आपापलं सांगत होता, कुणी वजन, कुणी इंग्लिश, एकाने तर टक्कल. माझा नंबर आला.

“मॅडम, माझी कढी फुटते,” मी म्हटलं. चाळीस लोकांसमोर.

“व्वा,” मॅडम म्हणाल्या. “आणि परवा ती फुटली, त्या क्षणी तुम्हाला आतून नेमकं काय जाणवलं?”

मी प्रामाणिकपणे आठवून बघितलं.

“भूक लागली होती,” मी म्हटलं.