हरीण उजवे

रात्रीचे साडेदहा. माणसांचे स्कॅन संपले की मशीन आपलं, अशी बोली होती. काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "पेशंटचं नाव?"

"हरीण."

"आडनाव?"

"आडनाव नाही हो. हरीण आहे."

"आडनावाशिवाय कॉम्प्युटर पुढे जात नाही."

ट्रॉलीवर तीन पिशव्यांत गुंडाळलेले दोन पाय होते. गाडीच्या धडकेत मेलेल्या रानटी हरणाचे, रीतसर परवानगी काढून अभ्यासासाठी मिळालेले. आधी उजवा जाणार होता म्हणून मी म्हणाले, "उजवे." बाईंनी शांतपणे टाइप केलं. हरीण उजवे. वय, दातांवरून अंदाजे चार. बंद जागेची भीती वाटते का? हयातीत नक्की वाटली असती. पेशंटशी नातं? इथे मात्र मी अडकले आणि शेवटी "परिचित" लिहिलं.

शरीरात धातू आहे का, हा प्रश्न तेवढा चेष्टेचा नव्हता. रानातल्या जनावराच्या अंगात एखादा जुना छर्रा निघू शकतो, आणि तो पोलादी असला तर एमआरआयच्या चुंबकापुढे गप्प बसत नाही. म्हणून एक्स-रे मी आधीच काढून आणला होता. पेशंटांपेक्षा माझी फाइल जाड होती.

पिशवी उघडताच टेक्निशियनदादा म्हणाले, "हरणांचा गुडघा उलटा असतो, नाही?"

हा प्रश्न मला दर ठिकाणी भेटतो. मागे वाकलेला दिसतो तो गुडघा नाहीच, ती टाच. खरा गुडघा पार वर, पोटाजवळ, मांडीच्या कातडीत लपलेला, आणि तो आपल्यासारखाच पुढे वाकतो. हरीण जन्मभर तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या नखांवर चालतं, त्या नखांना आपण खूर म्हणतो. हे पटवायला मी तिथेच चवड्यांवर उभी राहून टाचा वर केल्या आणि चार पावलं टाकली. पाचव्याला पोटरीत गोळा आला. दादांनी खुर्ची दिली. त्यांना पटलं की दया आली, कळलं नाही.

एमआरआयची पहिली चित्रं आली आणि दादांचा चेहरा गंभीर झाला. सांध्याच्या कडेने सगळं छान, पण मधोमध काळाकुट्ट गोळा. "गाठ दिसतेय," ते हळू आवाजात म्हणाले, नातेवाइकांशी बोलतात तसे. गाठच होती, बर्फाची! पाय डीप फ्रीझरमधून काढून मी एक रात्र बाहेर ठेवला होता. वरून मऊ लागला म्हणून निघाले, आत तसाच गोठलेला. एमआरआयला पाण्यातल्या हायड्रोजनचा सूर ऐकू येतो, पण पाणी गोठलं की तो सूर इतक्या लवकर विझतो की मशीनला तिथे काही नाहीच असं वाटतं. हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.

दोन दिवसांनी पुन्हा तीच ट्रॉली. या वेळी सीटी स्कॅन. कोणती गोष्ट एक्स-रे किती अडवते याची तिची मोजपट्टी, पाणी ० आणि हवा उणे १०००. ती मोजपट्टी ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या, सीटी घडवणाऱ्या हाउन्सफील्ड यांना १९७९ मध्ये नोबेल मिळालं. सीटीला बर्फाचं वावडं नाही. वावडं टेक्निशियनदादांना होतं, वासाचं. मशीनमधून रेकॉर्ड केलेली बाई बोलली, "श्वास घ्या. रोखून धरा." पेशंटने आदर्श सहकार्य दिलं. आम्हा दोघांचा श्वास पिशवी उघडल्यापासूनच रोखलेला होता.

पण चित्रं! अर्ध्या मिलिमीटरच्या शेकडो चकत्या, आणि त्यांतून उभं राहिलेलं घोट्याचं हाड, दोन्ही टोकांना कप्पी असलेलं. आपल्या घोट्याच्या हाडाला कप्पी फक्त वरच्या टोकाला. हरणाला खालीही, म्हणून घोटा दोन ठिकाणी दुमडतो आणि उडी स्प्रिंगसारखी सुटते. २००१ मध्ये देवमाशांच्या पाय असलेल्या पूर्वजांच्या सांगाड्यांत हेच दुहेरी कप्पीचं हाड सापडलं आणि देवमासा हरणांच्या भावकीत आला. दादा खुर्ची ओढून जवळ बसले. वास विसरले.

"आणि हे बारकं काय?" त्यांनी विचारलं.

नडगीच्या खालच्या टोकाला चिकटलेलं सुपारीएवढं हाड. नडगीच्या जोडीचं बारीक हाड हरणात जवळजवळ नाहीसं झालंय, त्याचा हा उरलेला तुकडा. "तो कायम पायाच्या बाहेरच्या बाजूला असतो," मी मोठ्या ऐटीत सांगितलं, आणि माझाच आवाज बसला. पडद्यावर तो आतल्या बाजूला होता. मी चित्र फिरवून पाहिलं. टाच मागे, खूर खाली, तुकडा आतच.

मधल्या दोन दिवसांत बर्फ वितळायला पाय पाण्यात ठेवले तेव्हा उजव्या-डाव्याच्या चिठ्ठ्या सुटल्या होत्या. त्या बांधताना मी अदलाबदल केली होती.

काउंटरवर गेले. "एक दुरुस्ती होती. हरीण उजवे नाही, डावे."

बाईंनी या वेळी मान वर केली. "आडनाव बदललंय? मग लग्नाचा दाखला लागेल."