फायली कशा नीट लावल्यात बघ!

आज डोकं सटकलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. कंटाळा आला तर खुशाल पुढे सरका.

मावसभाऊ आणि वहिनी आठवडाभर आमच्याकडे बर्लिनला आलेत. आज त्यांना घराजवळचं स्टासी म्युझियम दाखवलं. स्टासी म्हणजे पूर्व जर्मनीचे गुप्त पोलीस, त्यांचं मुख्यालय इथेच, आमच्या लिश्टेनबर्गमध्ये होतं. एरिक मिल्के 1957 ते 1989 या खात्याचा मंत्री होता, त्याचं ऑफिस अजून तसंच ठेवलंय. दादा दारात उभा राहून म्हणतो काय, "फायली कशा नीट लावल्यात बघ! नाहीतर आपल्याकडे एक सातबारा काढायचा म्हणजे..." आणि वर सेल्फी.

सातबाऱ्यासाठी चपला झिजवलेल्या माणसाला असं वाटू शकतं, मान्य. तरी त्या क्षणी त्याला जिन्यावरून ढकलून द्यावंसं वाटलं.

कारण मला आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी आठवल्या. 1992 मध्ये फायली लोकांसाठी खुल्या झाल्या, त्यानंतर त्यांनी स्वतःची मागवली. त्यात काय होतं? अमुक संध्याकाळी कचरा टाकायला खाली गेल्या, वर यायला नेहमीपेक्षा उशीर झाला. हे कळवणारा याच जिन्यातला असणार, दुसरा कोण! पण फाइलमध्ये फक्त टोपणनाव. खरं नाव हवं तर वेगळा अर्ज करावा लागतो. आजींनी तो आजपर्यंत केलेला नाही.

आता 'नीट लावल्यात' म्हणजे काय ते ऐका. एफ 16 नावाच्या कार्डावर माणसाचं खरं नाव, जन्मतारीख, पत्ता. एफ 22 वर टोपणनाव आणि प्रकरण कुठल्या विभागाचं ते. दोन्हींना जोडणारा दुवा फक्त नोंदणी क्रमांक. एक कार्ड कुणाच्या हाती लागलं तरी त्याला अर्धंच कळणार. आपल्याच कारकुनांवर भरवसा नसलेलं खातं! ही ती शिस्त, जिचं दादाला कौतुक.

आणि कामाची वाटणी तरी किती चोख! पत्रं उघडायला एम विभाग, फोन ऐकायला 26 नंबरचा, माणसाच्या मागावर राहायला आठवा, चर्च, लेखक आणि विरोधकांसाठी विसावा. 15 जिल्हा कार्यालयं, त्यांच्याखाली आपल्या तालुक्यासारखी दोनशेच्या वर. सगळे हुद्दे लष्करी. 1989 मध्ये पगारी माणसं सुमारे 91,000, आणि खबरे सुमारे 1,89,000. त्यांना म्हणायचे 'अनौपचारिक सहकारी'. काय गोड नाव आहे! देशाची लोकसंख्या जेमतेम 1 कोटी 64 लाख.

हो, सगळेच काही हौसेने खबरे झाले नव्हते, काहींना अडचणीत गाठून तयार केलं होतं. आणि पाळत ठेवणारी खाती इतर देशांतही आहेत, ते मला कमेंटमध्ये शिकवू नका.

पण 1976 मध्ये यांनी लेखी नियम काढला, माणसाला अटक न करता आतून कसं पोखरायचं याचा. नोकरीत अपयश घडवून आणा, बदनामी पसरवा, मित्रामित्रांत संशय पेरा. कुणीतरी टेबलाशी बसून हे मुद्देसूद लिहिलं, टाइप करून घेतलं, वर सही झाली. आणि संध्याकाळी तो माणूस घरी जाऊन जेवला असेल. मला तर हे लिहितानाही मळमळतंय.

असो. जरा पाणी पिऊन आले.

मीही काही फार शहाणी नाही. इथे नवीन असताना मी आजींना विचारलं होतं, "मग नाव का नाही मागवलं? मी असते तर लगेच अर्ज केला असता." त्या बटाटे सोलत होत्या. म्हणाल्या, "नाव कळलं तर या जिन्यात कुणाला नमस्कार करायचा नाही ते कळेल. मग मी जिना कसा चढू?" पूर्व जर्मनीतल्या सरकारविरोधी कार्यकर्त्या वेरा वोलेनबर्गर यांचं नाव तेव्हा मला माहीतही नव्हतं. त्यांची खबर स्टासीला देणारा 'डोनाल्ड' म्हणजे त्यांचा नवराच निघाला. आजींनी ते सगळं पेपरात वाचलेलं असणार. मी आपली बटाट्याच्या सालीकडे बघत बसले.

दादा वाईट माणूस नाही, हेही लिहायला हवं. माझ्या बाबांच्या आजारपणात रात्र रात्र तोच बसला होता. आज मी त्याला सांगितलं, शिल्लक राहिलेली कागदपत्रं ओळीने लावली तर 111 किलोमीटर भरतात, म्हणजे पुण्याहून जवळजवळ साताऱ्यापर्यंत. तर म्हणाला, "वॉव." त्यावर काय बोलणार?

घरी आलो तर आजी जिन्यातच भेटल्या, आमचं पार्सल घेऊन. पाहुणे बघून खूश झाल्या, कुठे फिरलात म्हणाल्या. दादाला जर्मन येत नाही, आजींना इंग्रजी येत नाही, त्यामुळे मधे मी. दादा म्हणाला, "स्टासी म्युझियम! एकदम सुपर!" मी भाषांतर केलं. सुपर गाळायचा विचार होता, पण तो शब्द जर्मनमध्येही तोच.

आजींनी पार्सल माझ्या हातात दिलं. मग दादाकडे बघत विचारलं, "फायली अजून नीट लावलेल्या आहेत ना?"

तेही मलाच भाषांतर करून सांगावं लागलं.