काळ्या तेलाचे वारसदार

गाडीतून तेल जिथे ठिबकतं तिथून ते कधीच गळत नसतं. ते वर कुठेतरी गळतं, एखाद्या ब्रॅकेटवरून, एखाद्या वायरीवरून वाट काढत उतरतं, गाडी चालू असली की वाऱ्याने मागे रेटलं जातं आणि शेवटी ज्याचा काहीही संबंध नाही अशा बोल्टाच्या टोकावरून खाली पडतं. म्हणून जमिनीवरचा डाग बघून निदान करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. अडचण एवढीच, की आमच्या डिचोली तालुक्यात डाग बघून निदान न करणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

आईच्या मते पावसाचं पाणी इंजिनात शिरलं होतं आणि तेच आता काळं होऊन बाहेर पडत होतं. शेजारच्या भाईंनी हातातला चहाचा कप खाली न ठेवता इंजिन खाली काढावं लागेल असं जाहीर केलं. भाईंना लोकांची इंजिनं खाली काढायची भारी हौस. त्यांची स्वतःची स्कूटर बटणाने सुरू झालेली मात्र कोणी पाहिलेली नाही. समोरच्यांच्या पुण्याहून आलेल्या जावयाने ‘टर्बो’ एवढाच शब्द उच्चारला आणि बाकीचं आमच्या कल्पनेवर सोडलं. बरोबर निदान केलं ते मिस्त्रीने. बोनेट उघडून, बॅटरी मारून, अर्ध्या मिनिटात तो म्हणाला, ‘‘ऑइल कूलरची लाइन.’’ नवी लाइन बेळगावहून चोर्ला घाटातून येणार होती. कधी, असं विचारल्यावर तो म्हणाला, ‘‘चवथी उपरांत पळोवया.’’

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. चवथ म्हणजे गणेशचतुर्थी, आणि ‘चवथीनंतर बघू’ ही तारीख नसून कालगणना आहे. चवथीच्या आधीचे कित्येक दिवस आणि नंतरचे त्याहून जास्त दिवस गोव्यातला कुठलाही नट कोणी फिरवत नाही. मला गाडी हवी होती ती नेमकी चवथीसाठीच. आमचं मूळ घर सत्तरी तालुक्यात. सगळं कुटुंब, फटाके, पिठाचे डबे आणि बाजारात दुपटीने घेतलेलं माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळा-भाज्यांचं सामान घेऊन तिथे पोचायचं, तर ही गाडी सोडून दुसरा मार्ग नाही. मी घरीच काम काढलं.

आता हा ऑइल कूलर म्हणजे काय, ते थोडक्यात. इंजिनातलं तेल नुसतं वंगण नसतं, उष्णता वाहून नेण्याचं कामही तेच करतं. काही गाड्यांत हे तापलेलं तेल फिल्टरच्या जवळून एका नळीने पुढे रेडिएटरपाशी बसवलेल्या छोट्या जाळीत जातं, वाऱ्यावर निवतं आणि दुसऱ्या नळीने परत येतं. नळ्यांची दोन्ही टोकं धातूची, मधला भाग रबराचा. रबर मुद्दाम ठेवलेलं असतं, कारण कूलर गाडीच्या सांगाड्याला घट्ट बसवलेला, तर इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर सतत थरथरत असतं. दोघांच्या मधे सगळं सोसणारा कोणीतरी लागतोच. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते रबर कडक होतं आणि जिथे ते धातूवर दाबून बसवलेलं असतं, बहुतेक वेळा तिथेच हार खातं.

खात्री करायची पद्धत स्वस्त आणि मस्त आहे. तो भाग रॉकेलने किंवा डिझेलने धुवायचा, कोरडा करायचा, त्यावर अंगाला लावायची पावडर उडवायची आणि इंजिन थोडा वेळ चालवायचं. पांढऱ्या पावडरीत काळी रेघ जिथून सुरू होते तिथे चोर. माझ्याकडे चोर सापडला, पण घरात पावडरचा डबा गायब झाल्याचा तपास त्याहून लवकर लागला. ‘‘गाडीला घामोळं झालंय का?’’ एवढंच विचारून बायको आत गेली. नवा डबा मात्र त्याच संध्याकाळच्या यादीत सगळ्यात वर होता.

मग गाडी उचलायची वेळ आली. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. खाली लोखंडी स्टँड लावायचे. पावसाळ्यात आमच्या अंगणातली तांबडी माती इतकी मऊ असते, की स्टँडखाली जाड फळी नसेल तर गाडी वर जाण्याऐवजी स्टँड खाली जातो. भाईंना माझे स्टँड बघून राग आला. ‘‘कशाला पैसे घालवले? दोन चिरे घाल सकयल!’’ चिरा म्हणजे आमचा जांभा दगड. गोव्यात प्रत्येक अंगणात कुठल्या तरी भिंतीतून उरलेले चार-सहा चिरे पडलेले असतातच, आणि माणसाला ते कशाच्या तरी खाली घालायचा मोह होतोच. पण चिऱ्यावर घर उभं राहतं ते भार सारखा पसरतो म्हणून. एकाच टोकावर वजन आलं की तो सांगून फुटत नाही. मी सुटलेलं चाकही काढून गाडीच्या कडेखाली आडवं सारलं. आईने तेवढ्यात देवाला नारळ बोलला. एकाच गाडीखाली किती प्रकारचे आधार लावता येतात ते त्या दिवशी कळलं.

खालून गाडी बघण्याची ज्यांना सवय नाही त्यांना सांगतो, ते दृश्य आमच्या माटोळीसारखं असतं. डोक्यावर सगळं लोंबकळत असतं, प्रत्येक गोष्ट कशाला तरी बांधलेली असते आणि निम्म्यांची नावं घरातल्या फक्त थोरल्यांना माहीत असतात. बाहेर पाऊस पत्र्यावर ताशा वाजवत होता. माझ्या कपाळावर मात्र ठरावीक अंतराने एक थेंब पडत होता, आणि तो पावसाचा नव्हता.

गाडीखाली पडलेल्या माणसाला चेहरा नसतो. त्याला फक्त पाय असतात, आणि गाव त्या पायांशी बोलतं. पोदेर सायकलचा भोंपू वाजवत आला, पायांना ‘‘पाव कितले?’’ म्हणून विचारलं आणि नेहमीचे पाव बोनेटवर ठेवून गेला. ट्रॉलरवरची बंदी ३१ जुलैला संपली होती, त्यामुळे मासेवालीही जोरात होती. तिने टोपली माझ्या टाचेपाशी टेकवून बांगड्यांचं साग्रसंगीत वर्णन केलं. मी ‘‘घ्या, घ्या’’ म्हटल्यावर ‘‘बायेक आपय’’, म्हणजे बायकोला बोलाव, म्हणाली. पायांना मासे घ्यायचा अधिकार नसतो हे तिला पक्कं माहीत. पंचायतीतले एक गृहस्थ घरपट्टीवर बराच वेळ बोलले. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराला निघालेली पर्यटकांची एक गाडी थांबली. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केलेल्या त्या मंदिराचा रस्ता मी उजव्या पायाचा अंगठा ताणून दाखवला. काचा वर गेल्या, गाडी त्याच दिशेने गेली, म्हणजे कळलं असावं.

या सगळ्यात खरं काम एकाच नटाचं होतं. गाडी मी घेतली ती कळंगुटच्या बाजूच्या माणसाकडून. समुद्राची हवा, त्यातलं मीठ, कूलरची मान ॲल्युमिनियमची आणि तीवरचा नट लोखंडी. दोन वेगळे धातू आणि मधे खारी ओल, एवढं जमलं की ॲल्युमिनियम झिजून पांढरी पूड होतं आणि नट तिथेच संसार मांडतो. अशा नटावर एकच पाना लावून जोर केला, तर नट राहतो बाजूला, कूलरची मान पिरगळते. म्हणून एका पान्याने मान धरायची, दुसऱ्याने नट फिरवायचा. पानाही साधा फिक्स चालत नाही, त्याने नटाच्या कडा गोल होतात. नळीवरून सरकेल अशी खाच असलेला रिंग पाना लागतो. गंज सोडवणारं तेल मारून मी रात्रभर वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी नटाने पहिली करकर केली तेव्हा माझ्या तोंडून निघालेला आवाज ऐकून आई धावत बाहेर आली. तो आनंदाचा आहे हे तिला पटवायला वेळ लागला.

नळी बाहेर आल्यावर भाईंनी शेवटचा सल्ला दिला. सडका भाग कापायचा, मधे पेट्रोलचा पाइप घालायचा, दोन्हीकडे क्लॅम्प आवळायचे. हा सल्ला मला भारतातल्या कुठल्याही गावात मिळाला असता आणि कुठल्याही गावात तो वाईटच ठरला असता. पाण्याच्या होजला जे चालतं ते इथे चालत नाही. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की घट्ट तेलाचा दाब चार-पाच किलोवर जातो. क्लॅम्प सरकला तर इंजिनातलं सगळं तेल काही मिनिटांत रस्त्यावर, आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा बघेपर्यंत बेअरिंगचा दहावा.

योग्य जागा म्हणजे हायड्रॉलिक होजचं दुकान, आणि इथे खाणपट्ट्यात राहिल्याचा फायदा होतो. लोहखनिजाच्या खाणी २०१२ मध्ये बंद पडल्या, मधे सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. ट्रक अंगणाअंगणात गवतात उभे राहिले. पण यंत्रांच्या नळ्या दुरुस्त करणारे हात कुठे गेले नाहीत. आज जेसीबी, उद्या बार्ज, त्यांचं चालूच आहे. काउंटरवरच्या पोराने माझी नळी हातात घेऊन विचारलं, ‘‘कोणतं मशीन?’’ गाडी, म्हटलं. ‘‘टिपर?’’ घरची गाडी, म्हटलं. ‘‘आं,’’ म्हणाला आणि आवाज बराच खाली आणून, ‘‘बसा, पात्रांव,’’ म्हणाला.

त्याने जुनी धातूची टोकं कापून साफ केली, तेवढ्याच लांबीचा नवा होज घातला आणि मशिनमध्ये ठेवून आवळला. लांबी तेवढीच हवी. आखूड झाली की इंजिनाच्या थरथरीने ओढ बसते, लांब झाली की कुठेतरी घासते. साधा होज १०० अंशांपर्यंतचा असतो आणि इंजिनातलं तेल त्यापलीकडे जाऊ शकतं, म्हणून मी जास्त उष्णतेचा मागितला. एका तारजाळीचा अर्ध्या इंची होज १६० बार दाब सोसतो. माझं इंजिन फार चिडलं तरी पाचच्या आसपास. म्हणजे गाडी भंगारात जाईल तेव्हा हा होज तारुण्यात असेल.

बसवणं त्यामानाने सरळ. सांध्यातली जुनी रबरी ओ-रिंग खाचेत चिकटून राहिली नाही ना हे बोट फिरवून बघायचं, नव्या रिंगला तेलाचा हात लावायचा, नट आधी बोटांनीच फिरवायचा. पाना लावूनच सुरुवात करणारा माणूस आटे मोडतो. मग इंजिन सुरू करून नळीकडे टक लावायची, बंद करून तेल बघायचं आणि कमी पडेल तेवढं घालायचं, कारण रिकामा कूलर आपला वाटा आधी पिऊन घेतो. सगळं कोरडं. पुन्हा पावडर मारली, पांढरी ती पांढरीच. हा नवा डबा होता, त्याची वेगळी चर्चा झाली.

आणि तेव्हा मला अंगणातल्या बाटल्या दिसल्या. सोप्यावर, तुळशीपाशी, मागच्या चाकाला टेकून. उराकाच्या, थंड पेयांच्या, एक तर खोकल्याच्या औषधाची. जे जे माझ्या पायांशी बोलून गेले होते ते ते जाताना बाटली ठेवून गेले होते. वापरलेलं काळं तेल गावात वाळवीवरचं औषध मानलं जातं. वासे, चौकटी, कुंपणाचे खांब, सगळ्यांना ते फासतात. सरकारच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे ते घातक कचऱ्यात मोडतं, आणि आमची विहीर अंगणापासून हाकेच्या अंतरावर आहे. पण हा मुद्दा काढायची वेळच आली नाही. मी उघडल्या होत्या फक्त नळ्या आणि कूलर. त्यातून निघालेलं तेल एका डब्याच्या बुडाला जेमतेम लागलं होतं, आणि ते मिस्त्रीच्या पिंपात जाणार होतं.

‘‘बाकीचं?’’ भाईंनी विचारलं.

‘‘इंजिनातच आहे.’’

‘‘मग गाडी कित्याक उगडली?’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सगळं तेल कोणाला तरी एकालाच दिलं असा गावाचा समज झाला. संशय बहुतेक पोदेरावर होता, कारण त्याच्याकडे मोठी टोपली.

चवथीला आम्ही सत्तरीत पोचलो. मी गाडी थांबवून सवयीने वाकून खाली बघितलं, फरशी कोरडी ठणठणीत. मान वर केली तर थोरले काका गोठ्याला शिडी लावून, हातात ब्रश घेऊन उभे. बातमी चोर्ल्याच्या पायथ्यापर्यंत पोचली होती.

‘‘काळें तेल हाडलां मरे?’’

मी नाही म्हटलं. ते शिडीवरून उतरले, माझ्याच शेजारी वाकून गाडीखाली दूरपर्यंत बघितलं. ‘‘गळनाच?’’ त्यांनी विचारलं. गळत नाही, म्हटलं. गाडीला धपकन एक चापट मारून ते म्हणाले, ‘‘फुडल्या वर्सा तेल बदलपाचें आसल्यार हांगां येवन बदल.’’