एक जून

परवा गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकलं, "पोरगं बारा वर्षांचं असलं म्हणून काय झालं, गुन्हा केला तर मोठ्यांसारखीच शिक्षा पाहिजे." खाली अंगठ्यांची रांग लागली. अंगठे देणाऱ्यांत माझे विद्यार्थीही आहेत, म्हणून लिहितोय.

मी तापीकाठच्या एका गावात सव्वीस वर्षं मास्तरकी केली. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलै संपत आला तरी पाऊस नव्हता, केळी विहिरीच्या पाण्यावर तगून होती, आणि एका रात्रीत तीन शेतांतल्या मोटारींची केबल कापून नेली. शेतकऱ्यांचा संताप रास्त होता. सकाळी नाल्यात केबल जाळून तांबं काढताना सापडला तो माझा सहावीतला पोरगा.

मी पोलीस ठाण्यात पोचलो तेव्हा तो बाकाच्या कडेला अंग चोरून बसला होता. नखांत जळक्या रबराची काजळी, अंगात शाळेचाच शर्ट. सकाळपासून पोटात काही नव्हतं. ज्या दोघांनी त्याला शंभराची नोट देऊन कुंपणाखालून आत सोडलं, ते तिथे नव्हते. तांबं विकत घेणारा भंगारवालाही नव्हता.

माझ्याकडे शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मागितला. जन्मतारीख एक जून, अक्षर माझंच. आपल्याकडे दाखला नसला की मास्तर एक जून लिहून मोकळे होतात, मीही कित्येकांची लिहिली. त्या तारखेप्रमाणे पोराला बारा पूर्ण होऊन दोन महिने होत आले होते. त्याची आई दारातूनच म्हणत होती, "गुरुजी, मना पोऱ्या पोयाना दिन व्हयना." पोरगं पोळ्याच्या दिवशी जन्मलेलं, आणि पोळा अजून यायचा होता. म्हणजे पोरगं अकराचंच होतं.

या दोन-तीन महिन्यांना कायद्यात फार किंमत आहे. आपल्याकडे सात वर्षांखालच्या मुलाचं कुठलंही कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारा या वयात, आपण काय करतोय आणि त्याचं पुढे काय होईल हे कळण्याइतकी समज मुलाला नसेल, तरच तो सुटतो. बारा झाले की हा आडोसाही संपतो. १८६० च्या दंडसंहितेत हेच होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कलम २० आणि २१ मध्ये हेच आहे. सात वर्षं! म्हणजे दुसरीतलं पोर, ज्याला हातच्याची वजाबाकी अजून जमत नाही. खुद्द इंग्लंडने हे वय १९३३ साली आठ आणि १९६३ साली दहा केलं. संयुक्त राष्ट्रांची बालहक्क समिती २०१९ पासून किमान चौदा करा म्हणते. आपणही चौदा करावं, असं माझं ठाम मत आहे.

लोक लगेच दिल्लीचं २०१२ चं प्रकरण काढतात, पुण्यातला २०२४ चा अपघात आणि तो तीनशे शब्दांचा निबंध काढतात. राग मलाही आला होता. पण ती सतरा वर्षांची मुलं. सोळा ते अठरा वयाच्या मुलाने घोर गुन्हा केला तर त्याच्यावर प्रौढांसारखा खटला चालवायची वाट २०१५ च्या बाल न्याय कायद्यात आहे. त्यांचा राग सहावीतल्या पोरावर कशाला?

आणि चौदा केलं म्हणजे पोराला मोकळं सोडलं, असं नाही. बाल कल्याण समिती आहे, समुपदेशन आहे, घरी जाऊन चौकशी करता येते. मुलाला गुन्ह्याला लावणाऱ्यासाठी नव्या संहितेत कलम ९५ आहे, तीन ते दहा वर्षांची कैद. केबलचोरीत पोरगं सापडलं की त्याच्यामागचा माणूस शोधा, अशी मागणी ग्रुपवर का येत नाही?

बाल न्याय मंडळाने समज देऊन त्याला घरी पाठवलं. मंडळावरची माणसं त्याच्याशी नीट बोलली. पण गावाने त्याचं नाव 'केबल' ठेवलं. मधल्या सुट्टीत पोरं त्याच नावाने हाका मारायची. मी दोघा-तिघांना रागावलो, मग ती माझ्या माघारी हाका मारायला लागली. दिवाळीची सुट्टी संपली आणि तो आलाच नाही. घरी गेलो तर आई म्हणाली, मामाकडे सुरतला कामाला गेला. तेव्हा खऱ्या हिशेबाने त्याला बारा पूर्ण होऊन तीन महिनेही झाले नव्हते.