९.८ आलं म्हणून पैकीच्या पैकी?

"प्रात्यक्षिकात ज्याचं उत्तर प्रमाणित किमतीच्या सर्वांत जवळ, त्याला सर्वांत जास्त गुण द्या. आकडा कुणाची भीड धरत नाही." हे मत सर्रास फिरतं. त्यामागची पक्षपाताची भीती मला मान्य आहे, उपाय मात्र अजिबात मान्य नाही.

आधी 'आकडा भीड धरत नाही' हेच पाहू. उपकरणं सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाहीत. एका टेबलावरच्या ब्युरेटची (द्रव मोजून सोडायच्या काचेच्या नळीची) तोटी ठिबकते, शेजारची ठणठणीत असते. नुसतं उत्तर तपासलं, तर गुण ब्युरेटला मिळतात.

दुसरा दावा असा, की ज्याचा हात चांगला त्याचंच उत्तर बरोबर येतं. साधा लंबक घ्या. १ मीटर लांबीच्या लंबकाचं एक दोलन साधारण २ सेकंदांचं. घड्याळ दाबताना ०.२ सेकंदाचा फरक पडला, तर आवर्तकालात, म्हणजे एका दोलनाच्या वेळेत, १० टक्के चूक होते. सूत्रात त्याचा वर्ग असल्यानं गुरुत्वत्वरणात (प्रमाणित किंमत ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग) ती जवळपास २० टक्क्यांवर जाते. म्हणून २० दोलनं मोजायची. मग गुरुत्वत्वरणातली चूक १ टक्क्यावर येते. आता समजा, एका मुलीनं घड्याळ सुरू करताना 'शून्य' म्हणायच्या जागी 'एक' म्हटलं. वीस समजून तिनं १९च दोलनं मोजली आणि उत्तर १०.९च्या आसपास आलं. पुन्हा मोजलं, तेच आलं, तिनं तेच लिहिलं. शेजारच्या मुलाला ९.८ पाठ होतं. त्यानं उत्तरावरून उलटा हिशेब करून जर्नलमध्ये ४०.१, ४०.२, ४०.१ अशी रीडिंगं बसवली. या नियमानं पैकीच्या पैकी त्याला, आणि तिला भोपळा! वास्तविक "मोजायला सुरुवात कुठून केलीस?" एवढं विचारलं असतं, तर तिची चूक तिथल्या तिथे तिलाच सापडली असती.

आकडा चुकला तरी नोंद असली की चूक सापडते. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मिलिकन यांनी १९१३ साली तेलाच्या थेंबांवरून काढलेला इलेक्ट्रॉनचा प्रभार आजच्या किमतीपेक्षा किंचित कमी होता. त्यांनी हिशेबात घेतलेली हवेची श्यानता (प्रवाहाला होणारा अंतर्गत विरोध) चुकीची होती. श्यानतेची ती किंमत त्यांनी छापलेली असल्यानं ही चूक पुढे शोधता आली.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: पद्धतीला गुण दिले की सरांची मर्जी चालते. चालते, निकष गुप्त असतील तर. ते प्रयोगाआधी फळ्यावर लिहा: कच्ची रीडिंगं पेननं, खाडाखोड न लपवता, उपकरणाची शून्य त्रुटी (काही मोजत नसतानाही ते दाखवतं तो आकडा) तपासलेली, उत्तर किती टक्के चुकू शकतं याचा अंदाज, आणि फरक पडलाच तर त्याचं पटेल असं कारण. 'मानवी चूक' एवढंच लिहिलं तर त्याला गुण नाहीत. १० पैकी २ गुण उत्तराला खुशाल ठेवा. काही जर्नलं नावं झाकून दोघांनी वेगवेगळी तपासावीत. गुणांत मोठी तफावत निघाली, तर निकष ढोबळ आहेत असं समजून ते पुन्हा लिहावेत.

राहिला प्रश्न, एवढं तपासायला वेळ कुठून आणायचा. मुलं प्रयोग करत असतानाच टेबलापाशी जाऊन कच्च्या रीडिंगांवर सही करावी आणि गटातल्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारावा. घड्याळ एकानं धरलं आणि बाकीच्यांनी नुसतं उतरवून घेतलं, हेही तिथेच कळतं.